संगणक कक्ष: आपला माणूस तयार करायचा की एजन्सीचा घ्यायचा?

२०२३ मध्ये नगर परिषद राज्यसेवेची जाहिरात निघाली ती १७८२ पदांची. त्यात संगणक अभियंत्याची पदं होती ४५, आणि हा आकडा अख्ख्या महाराष्ट्राचा. भोकरदन, वसमत, परंडा, उमरीसारख्या गावांच्या वाट्याला त्यातून किती येणार, हे कुणालाही कळतं. त्यामुळे मराठवाड्यातल्या मुख्याधिकाऱ्यांपुढे आणि गटविकास अधिकाऱ्यांपुढे अंदाजपत्रकाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो: संगणकाचं काम बघायला आपल्याच लिपिकाला शिकवायचं, एजन्सीमार्फत माणूस घ्यायचा, की प्रशिक्षणार्थींवर भागवायचं? हा निर्णय ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एजन्सीचा माणूस

सोय मोठी आहे. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर निविदा टाकली की महिन्या-दोन महिन्यांत ऑपरेटर खुर्चीत बसतो. पद मंजूर करून घ्यावं लागत नाही, निवृत्तिवेतनाचा भार नाही, माणूस सोडून गेला तर दुसरा पाठवणं एजन्सीचं काम. डेटा एंट्री, प्रिंटर-यूपीएसची दुरुस्ती, सीसीटीव्ही, वेबसाइट ही कामं बाहेरून करून घेण्यात काहीच गैर नाही. उलट त्यासाठी आपला माणूस अडकवू नये.

गोची पुढे आहे. तालुक्याच्या गावात एजन्सी बदलते, पण मुलगा बहुतेक वेळा तोच राहतो, कारण काम फक्त त्यालाच माहीत असतं. मालमत्ता कराच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकलेली मागणी कुठून दुरुस्त करायची, जन्म-मृत्यूच्या पोर्टलवर अडकलेली नोंद कशी सोडवायची, हे तोच जाणतो. आणि नेमकं त्यालाच कुणी शिकवत नाही. एजन्सी म्हणते, प्रशिक्षण कार्यालयानं द्यावं. कार्यालय म्हणतं, तो आमचा कर्मचारी नाही. सेवाशुल्क जवळपास शून्य लावून निविदा जिंकलेल्या एजन्सीकडून प्रशिक्षणाची अपेक्षाच करू नका. तिची बचत होते ती याच मुलाच्या पगारातून आणि पगाराच्या तारखेतून. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, आणि व्यवहाराच्या दृष्टीनंही ते महागात पडतं.

एक गोष्ट स्वतः जाऊन बघा. ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट ई-ग्रामस्वराज (पंचायतींचं हिशेबाचं पोर्टल) आणि पीएफएमएस (सरकारी निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) यांवरून होतं, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीनं. दोन सह्या यासाठीच, की एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवावं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन्ही डोंगल (डिजिटल सही ज्यात असते ती पेनड्राइव्हसारखी वस्तू) ऑपरेटरच्या एकाच खणात असतात, आणि पिन असतो डोंगलला चिकटवलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर. त्या मुलाच्या मनात पाप नसतं. त्याला रोज दोघांना शोधत फिरायचं नसतं, एवढंच. पण उद्या काही झालं तर जबाबदारी सही ज्याची त्याची, आणि ‘मला संगणक कळत नाही’ हे उत्तर लेखापरीक्षणात चालत नाही.

आपलाच कर्मचारी

इथं आधी कुणाला निवडायचं ते ठरवा. राज्यसंवर्गातला अधिकारी हुशार असला तरी बदलीनं जाणार. नगर परिषदेच्या स्वतःच्या आस्थापनेवरचा लिपिक मात्र साधारणपणे तिथंच राहतो, म्हणून प्रशिक्षणाचा खर्च त्याच्यावर करावा. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या तरुणांची यादी काढून बघा. त्यात बीएस्सी, बीसीए झालेली मुलं-मुली निघतात आणि ती आवक-जावक नोंदवत बसलेली असतात. पंचायत समितीचं गणित वेगळं. तिथले कर्मचारी जिल्हा परिषदेचे, बदली होते ती जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. म्हणजे शिकवलेला माणूस कार्यालयातून गेला तरी संस्थेतून जात नाही, पण त्याच्या जागी दुसरा तयार असायला हवा.

म्हणूनच एक नको, दोघं हवेत. एकाच माणसाला शिकवलं की आजवर एजन्सीच्या मुलावर असलेलं अवलंबन फक्त त्याच्यावर येतं.

या पर्यायाची अडचण अशी की माणूस शिकून येतो आणि सोमवारी पुन्हा करवसुलीला जातो. मग निवडणुकीचं काम येतं, मग सर्वेक्षण. शिकलेलं हाताखालून गेलं नाही तर सहा महिन्यांत उरत नाही. त्यामुळे कार्यालयीन आदेशात लिहून ठेवा: आठवड्यातले अमुक तास हा कर्मचारी संगणक कक्षात, आणि त्या वेळेत त्याचं टेबल कोण बघणार. हा आदेश निघणार नसेल तर प्रशिक्षणाला माणूस पाठवण्यात अर्थ नाही.

आपल्या माणसाकडेच राहिली पाहिजेत अशी कामं थोडीच आहेत, पण ती सोडू नयेत: ॲडमिन पासवर्ड, कुणाला कोणता अधिकार द्यायचा ते, बॅकअप, आणि कंत्राटदाराचं बिल पास करण्याआधी काम झालं का याची पडताळणी. केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यावर काय काय झालं याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. हे सरकारी कार्यालयांनाही लागू आहे. शनिवारी संध्याकाळी सर्व्हरवरच्या फाइल्स उघडेनाशा झाल्या, तर सहा तासांत कुणाला काय कळवायचं हे एजन्सीच्या ऑपरेटरनं ठरवायचं का?

प्रशिक्षणार्थी

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, आधी सहा महिन्यांची, नंतर मुदत वाढून अकरा महिने झाली. अशा योजनेतून येणारी मुलं जुन्या रेकॉर्डचं स्कॅनिंग, नागरिकांना ऑनलाइन अर्ज भरायला मदत, याद्यांची पडताळणी ही कामं उत्तम करतात. पासवर्ड त्यांच्या हाती देऊ नये. जाणाऱ्या माणसावर व्यवस्था उभी राहत नाही.

शिकवायचं कुठं?

एमएस-सीआयटी किंवा सीसीसी यावर पुन्हा पैसे घालू नका. नोकरीच्या अटीमुळे प्रमाणपत्र बहुतेकांच्या सेवापुस्तकात आहेच. ती संगणकाची तोंडओळख आहे, संगणक कक्ष चालवण्याचं शिक्षण नव्हे.

आयगॉट कर्मयोगी हे सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण फुकट आहे, मोबाइलवर चालतं, सायबर सुरक्षेची प्राथमिक जाण सगळ्या कार्यालयाला द्यायला चांगलं. मात्र आकडा गाठायचा म्हणून व्हिडिओ चालू ठेवून चहाला जाणं सुरू झालं, की त्यातून हाती फक्त प्रमाणपत्र लागतं. मी ते सर्वांसाठी ठेवेन, पण तेवढ्यावर थांबणार नाही.

पुण्याची यशदा ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था वरच्या फळीसाठी. निविदेच्या अटी, सेवा करार, ई-प्रशासन हे विषय मुख्याधिकारी, कार्यालय अधीक्षक, लेखापाल यांनी शिकायचे आहेत. हिंगोली किंवा किनवटहून लिपिकाला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवून नेटवर्क शिकवायची अपेक्षा ठेवू नये.

हातानं करायचं काम शिकवायला आपल्याच भागात जागा आहेत. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारात नायलिट या केंद्र सरकारच्या संगणक शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. त्यांच्या ‘ओ लेव्हल’ अभ्यासक्रमात नेटवर्कची मूलतत्त्वं, वेब आणि पायथन येतं. होतकरू लिपिकासाठी तो चांगला पाया, पण वेळ मागणारा. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. शेजारच्या चार-पाच नगर परिषदांनी मिळून त्यांच्या प्रयोगशाळेत दोन-तीन दिवसांचा वर्ग मागितला तर माणशी खर्च कमी येतो, आणि अडल्यावर फोन करायला शेजारच्या गावचा ओळखीचा माणूस मिळतो. मला हा मार्ग सगळ्यांत पटतो.

सॉफ्टवेअर पुरवठादाराचं प्रशिक्षण हा पर्याय तर निविदेतच दडलेला असतो आणि वाया जातो. बसवणीच्या दिवशी दुपारी एक प्रात्यक्षिक, हजेरीपत्रकावर सह्या, संपलं. त्याऐवजी अट घाला: पहिलं सत्र सुरुवातीला, दुसरं पहिल्या मार्चअखेरनंतर, सोबत मराठी पुस्तिका. आणि शेवटचा हप्ता आपल्या लिपिकानं स्वतःच्या हातानं बॅकअप वेगळ्या मशीनवर पुन्हा उभा करून दाखवल्याशिवाय द्यायचा नाही. बॅकअप ‘रोज होतो’ असं सगळे सांगतात. तो उघडून बघितल्याचं क्वचितच कुणी सांगतो.

मग निवड कशी करायची?

निविदा किंवा ठराव लिहिण्याआधी एक दुपार काढा आणि एक तक्ता करा. डावीकडे कामं: निवृत्त झालेल्याचं लॉगिन बंद करणं, डिजिटल सहीचं नूतनीकरण, बॅकअप उभा करणं, जन्म-मृत्यू पोर्टलवरची तक्रार लावणं, देखभाल कराराचं बिल तपासणं. वर माणसांची नावं. प्रत्येक चौकोनात ‘एकट्यानं जमतं’, ‘मदतीनं जमतं’ किंवा ‘जमत नाही’. ज्या ओळीत ‘एकट्यानं जमतं’ फक्त एकाच नावापुढे आहे, किंवा फक्त एजन्सीच्या मुलापुढे आहे, ती ओळ आधी शिकवायची. दर सहा महिन्यांनी तक्ता पुन्हा भरा.

क वर्ग, म्हणजे लहान नगर परिषदेला माझा सल्ला: आपले दोन लिपिक, सोबत एजन्सीचा एक ऑपरेटर. त्याहून मोठ्या अ आणि ब वर्गानं संगणक अभियंत्याची मागणी लावून धरावी, पण तो येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. लातूर आणि परभणी २०११ पासून महापालिका आहेत, जालना २०२३ पासून. तिथं स्वतंत्र कक्ष आणि आकृतीबंधात (मंजूर पदांच्या आराखड्यात) पदं हवीतच, त्यावर तडजोड नको.

पंचायत समितीनं मात्र क्रम उलटा ठेवावा. तिथं खरं काम गावोगावच्या आपले सरकार सेवा केंद्रांतल्या ऑपरेटरांच्या हातून होतं, तेव्हा पहिलं प्रशिक्षण त्यांना. ते कंत्राटी आहेत म्हणून वगळू नका. प्रवासखर्च द्या, प्रमाणपत्र त्यांच्या नावानं द्या, आणि त्याच वर्गात सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना शेजारी बसवून आपापल्या डोंगलचा पिन स्वतः बदलायला लावा.