लाउंजमधील नोकरीचे नियुक्तिपत्र: नव्या विमानतळाच्या नावाखाली झालेली एक फसवणूक

पनवेल, उरण आणि पेण या तालुक्यांत गेली काही वर्षे तरुण मुलांच्या नोकरीचा विषय निघाला की बोलणे विमानतळावर येतेच. २०१८ च्या फेब्रुवारीत नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन झाले, त्यासाठी दहा गावांतील कुटुंबांनी घरे सोडली, आणि स्थानिकांना नोकरीत प्राधान्य मिळावे ही मागणी तेव्हापासून प्रत्येक सभेत होत राहिली. २०२५ च्या पावसाळ्यात उद्घाटन तोंडावर आले. कमळाच्या आकारावर बेतलेल्या टर्मिनलची छायाचित्रे, पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी हाताळण्याच्या क्षमतेचे आकडे आणि हजारो रोजगारांच्या बातम्या रोज वाचायला मिळत होत्या. त्याच काळात माझ्या भाचीला या विमानतळावरील नोकरीच्या नावाने फसवण्यात आले. तिच्या संमतीने, तिची ओळख वगळून, मी हे लिहीत आहे. भामट्यांनी ज्या विमान कंपनीचे नाव वापरले तिचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, म्हणून तिचे नाव इथे देत नाही.

भाचीने हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेतली आहे आणि त्या वेळी ती पनवेलमधील एका उपाहारगृहात काउंटर सांभाळत होती. मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर तिला एक जाहिरात मिळाली. जाहिरातीचा मजकूर असा होता की महाराष्ट्रातील नव्या टर्मिनलांमध्ये विमान कंपनीची अद्ययावत लाउंज, म्हणजे प्रवाशांच्या विश्रांतीचे आणि खानपानाचे कक्ष, सुरू होत असून तिथे ‘लाउंज एक्झिक्युटिव्ह’ या पदासाठी मुलाखती सुरू आहेत, दरमहा बत्तीस हजार रुपये वेतन आहे, राहण्याची सोय आहे आणि रायगड जिल्ह्यातील उमेदवारांना प्राधान्य आहे. खाली पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलांचाही उल्लेख होता. या दोन्ही इमारतींचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि पुण्याची इमारत त्याच वर्षी जुलैमध्ये प्रवाशांसाठी खुली झाली, हे सर्व जाहिरातीत बरोबर दिले होते. जाहिरातीत नोकरी सोडून बाकी सगळे खरे होते. या प्रकारची फसवणूक का यशस्वी होते हे समजून घ्यायचे असेल तर ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपण मजकुरातील तपशील ताडून पाहतो, ते खरे निघतात, आणि त्या खरेपणाचा लाभ सांगणाऱ्या माणसाला मिळतो. तो माणूस मुळात कोण आहे, याची पडताळणी मात्र राहून जाते.

अर्ज भरल्यावर एक हजार आठशे पन्नास रुपये नोंदणी शुल्क मागण्यात आले. सरकारी परीक्षांना शुल्क भरण्याची सवय असलेल्या आपल्या मुलांना यात वावगे काही वाटत नाही. त्यानंतर फोनवर मुलाखत झाली, आणि ही मुलाखत घेणाऱ्याने भाचीचा विश्वास खऱ्या अर्थाने जिंकला. एखाद्या प्रवाशाचे क्रेडिट कार्ड लाउंजच्या दारातील यंत्राने नाकारले तर तुम्ही काय कराल, असे त्याने विचारले. कार्ड चालते की नाही हे पाहण्यासाठी दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम कापली जाते, अनेक बँकांनी आता मोफत प्रवेशासाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट घातली आहे, त्यामुळे नकार मिळालेला प्रवासी चिडतो आणि त्याला शांतपणे समजावून सांगावे लागते, असे त्याने स्वतःच समजावले. हे सगळे बरोबर आहे. लाउंजच्या स्वागतकक्षावर काम करणाऱ्यांना ही डोकेदुखी रोजची असते. इतके बारकावे माहीत असलेला माणूस त्या क्षेत्रातलाच असणार, असे तिने गृहीत धरले, आणि कदाचित तो पूर्वी त्या क्षेत्रात असेलही.

दोन दिवसांत नियुक्तिपत्र आले. वर कंपनीचे बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, मनुष्यबळ विभागाच्या व्यवस्थापकाची सही, वेतनाची तपशीलवार फोड, भविष्य निर्वाह निधीची वजावट, असे सर्व त्यात होते. घरी पेढे वाटले गेले. पत्रासोबतच गणवेश आणि प्रसाधन संचासाठी साडेसहा हजार रुपयांची मागणी आली, ती भरल्यावर वैद्यकीय तपासणीचे चार हजार आठशे, आणि ते भरल्यावर पोलीस पडताळणी व विमानतळ प्रवेशपत्रासाठी साडेबारा हजार. प्रत्येक रक्कम पहिल्या पगाराबरोबर परत मिळणार होती. प्रत्येक वेळी मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंतची असे आणि उशीर झाल्यास जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवाराला दिली जाईल, असे नम्रपणे सांगितले जाई. ‘मॅडम, तुमचे एवढे पैसे भरून झाले आहेत, आता फाइल बंद झाली तर तुमचेच नुकसान आहे,’ हे वाक्य तिला अनेकदा ऐकावे लागले. पैसे मागणारे खाते दर वेळी वेगळ्या व्यक्तीच्या नावावर होते. त्याबद्दल तिने विचारले तेव्हा ते कंपनीच्या ‘व्हेंडर’चे खाते असल्याचे उत्तर मिळाले.

यानंतर अंधेरीतील एका हॉटेलात होणाऱ्या प्रशिक्षणासाठी अठ्ठावीस हजार रुपये अनामत मागण्यात आली. तेवढे पैसे घरात नव्हते, म्हणून तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, मला फोन केला. मी भाचीकडून सर्व कागद मागवून घेतले आणि आम्ही दोघांनी बसून ते तपासले.

पावतीवर वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक होता. हा क्रमांक कोणाचा आहे ते त्या कराच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तो परराज्यातील लोखंडी सामानाच्या एका व्यापाऱ्याचा निघाला, आणि त्या बिचाऱ्याला आपला क्रमांक विमानतळावर नोकऱ्या वाटत फिरतो आहे याची कल्पनाही नसणार. ज्या पत्त्यावरून ईमेल येत होते त्यात कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ हा शब्द जोडलेला होता. संकेतस्थळाचे नाव कधी नोंदवले गेले हे सांगणाऱ्या सार्वजनिक सेवेवर पाहिले तेव्हा ते जाहिरातीच्या थोडेच दिवस आधी नोंदवलेले दिसले. एवढ्या जुन्या विमान कंपनीच्या भरतीचे संकेतस्थळ इतके नवे कसे, याचे उत्तर शोधायची गरज उरली नाही. नियुक्तिपत्रात टर्मिनल या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एका ठिकाणी चुकलेले होते. मी खात्री करून घेण्यासाठी त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला, तेव्हा अशी कोणतीही भरती नसल्याचे आणि कंपनी कोणत्याही टप्प्यावर उमेदवारांकडून पैसे घेत नसल्याचे उत्तर मिळाले. तशी सूचना त्यांच्या संकेतस्थळावर ठळकपणे दिलेली होतीच.

या व्यवसायाची रचना माहीत असती तर शंका याच्याही आधी आली असती, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. आपल्याकडील देशांतर्गत प्रवासाची बहुतेक लाउंज विमान कंपन्या चालवत नाहीत. ती चालवण्याचे कंत्राट विमानतळ चालवणारी संस्था खानपान आणि आतिथ्य क्षेत्रातील कंपन्यांना देते, आणि तिथली माणसे त्या कंपन्यांच्या पगारपत्रकावर असतात. काही मोठ्या विमान कंपन्यांची मोजक्या विमानतळांवर स्वतःच्या नावाची लाउंज आहेत, परंतु तिथेही रोजचे काम पुष्कळदा कंत्राटदाराकडे असते. त्यामुळे एखादी विमान कंपनी राज्यातील सर्व नव्या टर्मिनलांमधील लाउंजसाठी एकाच जाहिरातीतून माणसे भरते आहे, हे विधानच संशयास्पद आहे. शिवाय हे तिन्ही विमानतळ एकाच संस्थेच्या हाती नाहीत. पुणे आणि कोल्हापूरचे टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते, तर नवी मुंबईचा विमानतळ अदानी समूह आणि सिडको यांच्या संयुक्त कंपनीकडे आहे आणि तिच्यात सिडकोचा हिस्सा २६ टक्के आहे. प्राधिकरणाची स्वतःची भरती केवळ त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील जाहिरातीने होते आणि अर्जाचे शुल्क असल्यास ते तिथेच भरायचे असते.

प्रवेशपत्राचेही तसेच आहे. विमानतळाच्या सुरक्षित भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या व्यवस्थेतून प्रवेशपत्र घ्यावे लागते, त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि सुरक्षाविषयक प्रशिक्षणही असते, हे भामट्यांनी सांगितले ते खरेच होते. त्यांनी जे सांगितले नाही ते असे की हा अर्ज नोकरी देणारी संस्था करते. चारित्र्य पडताळणीचा दाखला लागलाच तर उमेदवाराला तो पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः अर्ज करून मिळवता येतो आणि त्याचे शुल्क सरकारकडे जमा होते. कोण्या परक्या माणसाच्या यूपीआय क्रमांकावर पैसे पाठवून ना पडताळणी होते, ना प्रवेशपत्र मिळते.

तक्रारीबाबतचा आमचा अनुभव संमिश्र आहे. त्याच संध्याकाळी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन केला, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. आपल्या हद्दीतला प्रकार नाही, असे ऐकवले जाण्याची शक्यता असते. अशा वेळी हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे शांतपणे सांगावे. आमच्या प्रकरणात भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची आणि तोतयेगिरीची कलमे, म्हणजे ३१८ आणि ३१९, तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड लावण्यात आले. ठाण्यातील उपनिरीक्षकांनी सर्वप्रथम प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक), बँकेचा खातेउतारा आणि संभाषणाची छायाचित्रे मागितली. भाचीने रागाच्या भरात काही संदेश पुसून टाकले होते, ते मिळवताना त्रास झाला. कृपया काहीही पुसू नये आणि समोरच्याला शिव्या घालून सावधही करू नये.

पहिल्या तीन रकमांचा माग लागेपर्यंत त्या अनेक खात्यांतून फिरून काढल्या गेल्या होत्या. ही खाती कमिशनच्या आमिषाने भाड्याने घेतलेली असतात आणि मूळ खातेदार बहुतेक वेळा एखादा विद्यार्थी किंवा मजूर असतो. शेवटच्या साडेबारा हजारांपैकी नऊ हजार दोनशे रुपये मात्र एका खात्यात गोठवता आले, कारण ते भरून फार वेळ लोटला नव्हता. न्यायालयाच्या आदेशानंतर ती रक्कम परत मिळाली. पोलिसांनी आमच्याशी सौजन्याने व्यवहार केला, परंतु तीन रकमांबाबत आजही प्रगती नाही.

एवढ्यावर हे थांबले नाही. तक्रार नोंदवल्यानंतर काही आठवड्यांनी भाचीला एका गृहस्थाचा फोन आला. आपण सायबर कक्षातून बोलत असून तुमचे सर्व पैसे जप्त झाले आहेत आणि ते सोडवण्यासाठी प्रक्रिया शुल्क म्हणून तीन हजार दोनशे रुपये भरावे लागतील, असे तो म्हणाला. त्याला तिचे नाव, भरलेल्या रकमा आणि तारखा माहीत होत्या. साहजिकच होते, कारण त्या रकमा त्याच टोळीने घेतल्या होत्या. मला हा दुसरा फोन पहिल्या फसवणुकीपेक्षा अधिक संतापजनक वाटतो. पैसे गमावलेला माणूस ते परत मिळण्याच्या आशेवर असतो आणि त्या आशेचाच पुन्हा दर लावला जातो. गोठवलेली रक्कम परत करण्यासाठी पोलीस फोनवर शुल्क मागत नाहीत. असा फोन आल्यास आपला तक्रार क्रमांक त्यालाच विचारावा आणि फोन ठेवून थेट तपास अधिकाऱ्यांशी बोलावे. भाचीने तेच केले. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षू’ नावाची सुविधा २०२४ पासून आहे, तिथे अशा संशयास्पद क्रमांकांची माहिती देता येते. आम्ही तो क्रमांक तिथेही कळवला.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. तिथे खऱ्या भरत्या होत आहेत, आमच्या ओळखीतल्या दोघांना सामान हाताळणी विभागात काम मिळालेही, आणि त्यांच्याकडून कोणी एक रुपया घेतलेला नाही. मुलाखतही टेबलापलीकडे बसलेल्या माणसांनी घेतली. भाचीने पुन्हा अर्ज केला आहे, या वेळी लाउंज चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून.

दरम्यान, नाशिकच्या एका परिचितांनी त्यांच्या मुलाला आलेले नियुक्तिपत्र मला पाहायला पाठवले. विमानतळ उत्तर प्रदेशातील जेवरचा होता आणि कंपनीही दुसरी होती, परंतु पद, वेतनाची फोड, शिक्क्याची जागा आणि टर्मिनलचे चुकलेले स्पेलिंग तेच होते. त्यांनी केवळ नोंदणी शुल्क भरले होते. ते पत्र आणि त्यावरील खाते क्रमांक आम्ही आमच्या तपास अधिकाऱ्यांना दिले असून परिचितांनी नाशिकमध्ये स्वतंत्र तक्रार नोंदवली आहे.