भंडारदरा की बामणोली? सोलापूरकरांनी आधी महिना बघावा

डोंगर आणि पाणी एकाच सहलीत हवं असेल तर सोलापूरहून गाडी सह्याद्रीकडेच वळते. आमच्या ग्रुपवर दर दिवाळीला तोच वाद: भंडारदरा की बामणोली? मी दोन्हीकडे दोन-दोनदा जाऊन आलोय. सुट्टी कुठल्या महिन्यात आणि किती दिवसांची, हे कळल्याशिवाय मी मत देत नाही.

दोनच दिवस असतील तर बामणोली. पहाटे निघायचं, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव करत सातारा, तिथून कासमार्गे खाली उतरलं की कोयनेचं बॅकवॉटर, म्हणजे शिवसागर. खरं आकर्षण पलीकडच्या वासोटा किल्ल्याचं. बोटीने साधारण दीड तास, मग दाट जंगलातली चढण. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र दाखवावं लागतं, सोबतचं प्लास्टिक मोजलं जातं. गडावर मुक्काम चालत नाही. पहिल्या खेपेला आम्ही नाष्ट्यात रमलो, बोट उशिरा सुटली आणि बाबूकड्याच्या टोकावर जेमतेम दहा मिनिटं मिळाली. बोट अख्खी ठरवावी लागते, म्हणून दहा-बारा जण जमवा; दोघांना ती परवडत नाही. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. ऑक्टोबरात गेलात तर जळवांसाठी मीठ बरोबर असू द्या.

भंडारदऱ्याला करमाळा, नगर, संगमनेर, अकोले असा एक अख्खा दिवस रस्त्यातच जातो. तीन दिवस नसतील तर विषय सोडा. पण एकदा पोचलात की काय बघू आणि काय सोडू असं होतं. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 सालचं, त्यामागे आर्थर लेक, काठाकाठाने रतनवाडीला गेलं की अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आणि वर नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, असलेला रतनगड. साम्रदची सांदण दरी पावसात अजिबात नको, दगडांच्या त्या फटीत पाणी घुसतं. मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, झाडंच्या झाडं काजव्यांनी एका तालात उजळतात. तेवढ्यासाठीसुद्धा मी परत जाईन, गर्दी सोसून.

आणि कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट आहे, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. डिसेंबरात वरच्या वाऱ्यात आम्ही कडक भाकरी हातानेच चुरली, शेंगाचटणी आणि दही कालवलं. शिळी होण्याचं भयच नाही, ट्रेकला याहून सोयीचं जेवण मला माहीत नाही. सोलापुरी चादरीच्या भरवशावर मात्र राहू नका. रात्री तंबूत दोन चादरी एकावर एक घेऊनही दात वाजत होते.

घरात म्हातारी माणसं असतील तर बामणोलीच बरी, वासोटा न चढताही बोटीतून पाणी आणि डोंगर दोन्ही बघून होतं. कॉलेजच्या पोरांनी भंडारदऱ्याला जावं.

एकच दिवस मिळत असेल तर पुणे हायवेने उजनीच्या बॅकवॉटरला जा, भिगवणजवळ कुंभारगावला. डोंगर नाही, पण हिवाळ्यात रोहित पक्षी असतात. नळाखाली बादली लावून आपण ज्याची वाट बघतो, तेच हे पाणी. उन्हं चढायच्या आत पोचा आणि दुर्बीण विसरू नका.