‘गॉडली प्ले’चा सृष्टिपाठ: सात पाट्या उत्तम, देवदूतांची सोय मात्र आपणच करायची

तीन ते सात वर्षांच्या मुलांना बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा पहिला अध्याय सांगायला आजवर जी साधनं वापरली, पाहिली आणि तपासली, त्यांत ‘गॉडली प्ले’चा सृष्टिपाठ आम्ही सर्वांत वर ठेवू. साधनं हाताळत मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगण्याची ही पद्धत अमेरिकेतले एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतले) पाळक जेरोम बेरीमन यांची. 1971-72 मध्ये त्यांनी इटलीतल्या बेर्गामोला माँटेसरीचं शिक्षण घेतलं. रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी 1954 पासून मुलांच्या धर्मशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्याचाही बेरीमन यांच्यावर मोठा प्रभाव होता. म्हणूनच इथे मुलांना ऐकवण्याइतकाच भर हाताळू देण्यावर आहे.

सामान अगदी थोडं: काळ्या कापडाची एक लांब पट्टी आणि चित्रांच्या सात पाट्या. पट्टी हळूहळू उलगडायची आणि दर दिवसाला एक पाटी ठेवायची. प्रकाश, पाणी, कोरडी जमीन व झाडं, सूर्य-चंद्र-तारे, पक्षी व मासे, चालणारे प्राणी व माणसं, आणि शेवटी विसाव्याची पाटी. पाट्या सांगणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे मांडायच्या, म्हणजे समोरच्या मुलांना क्रम डावीकडून उजवीकडे दिसतो. नवख्या शिक्षिका नेमक्या इथेच चुकतात आणि मुलांना सृष्टी सातव्या दिवसापासून उलटी दिसते. सांगताना नजर मुलांवर नको, पाट्यांवर हवी. आपण जिथे पाहतो तिथेच मुलं पाहतात.

संच परदेशातून मागवला तर पाठवणावळ आणि कस्टम धरून महाग पडतो, आणि सांगण्याची संहिता इंग्रजीत असते. मराठी संडेस्कूलसाठी (रविवारच्या धर्मशिक्षण वर्गासाठी) पाट्या सुताराकडूनच करून घ्याव्यात. 6 मिमी प्लायचे 15 सेंमीचे सात चौकोन, कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत. रंगावर चकचकीत वॉर्निश नको, मॅट फिनिश घ्या, नाहीतर ट्यूबलाइट पाटीवर चमकते आणि बाजूला बसलेल्यांना चित्रच दिसत नाही. पाट्यांमध्ये 3 सेंमीची फट धरून पट्टी 130 सेंमी लांब आणि 22 सेंमी रुंद पुरते. कापड फेल्टच हवं. पॉपलीनला चुण्या पडतात, सॅटिनवर पाट्या सरकतात. क्रमासाठी मागच्या बाजूला एक ते सात ठिपके काढा आणि ट्रेमध्ये पहिला दिवस सर्वांत वर ठेवा. सहाव्या पाटीवरची माणसं आपल्या मुलांसारखी दिसू द्या, तिसऱ्या पाटीवर वड-माड खुशाल येऊ द्या.

शब्द मात्र जपून वापरायचे. संहितेत दर दिवशी ‘ते चांगले आहे’ येतं. उत्पत्तीत दुसऱ्या दिवशी ते वाक्य नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते दोनदा आहे. लहान मुलांसाठी लय राखायला सातत्य चालेल, पण वाचू लागलेली मुलं घरच्या पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ते शोधतात. आम्ही मूळ पाठाप्रमाणेच सांगावं असं म्हणू, त्याने लय बिघडत नाही. सातव्या दिवशी ‘देव दमला’ असं तर कधीच सांगू नये. काम पूर्ण झालं, देवाने विसावा घेतला आणि तो दिवस आशीर्वादित केला, एवढंच. सहा-सात वर्षांची मुलं हटकून विचारतात की सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिल्या दिवशी प्रकाश कुठून आला? विज्ञानाचा तास सुरू करू नका. प्रकाश सूर्याचा नाही, देवाचा आहे, सूर्यसुद्धा त्यानेच केला, हे उत्तर या वयाला पुरतं आणि पाठाशी प्रामाणिकही आहे.

नंतरचे प्रश्न या पाठाचा आत्मा आहेत: कोणता दिवस सर्वांत आवडला, कोणता सर्वांत महत्त्वाचा, कोणता दिवस खास तुझ्याबद्दल आहे, आणि एखादा काढून टाकला तर चालेल का? याला बरोबर-चूक नाही. ‘शाब्बास’ म्हटलं की पुढची सगळी मुलं तेच उत्तर देतात, म्हणून फक्त मान हलवावी. सांगायला 10 मिनिटं, प्रश्नांना 10, चित्र-मातीकामाला 20. उपदेश चालू असताना मुलांना वीसच मिनिटं बाहेर नेणाऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) हा पाठ बसत नाही. घाईने उरकला तर तो साधा तक्ता होतो. दहा-बारापेक्षा जास्त मुलं असतील तर दोन गट करा.

या संचात देवदूत नाहीत, आणि आमच्या मते ते योग्यच आहे, कारण पहिल्या अध्यायात त्यांचा उल्लेखच नाही. काही शिक्षिका पहिल्या पाटीवर पंखवाली चित्रं चिकटवतात. तसं करू नये. ‘देवदूत कुठल्या दिवशी झाले?’ या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावं: पवित्र शास्त्र दिवस सांगत नाही, पण तेही देवानेच उत्पन्न केले. आधार स्तोत्र 148 मध्ये आहे, कलस्सै 1:16 मध्ये आहे, आणि निकेया मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, देव दृश्य-अदृश्य सर्वांचा निर्माता आहे असं आपण म्हणतोच. ईयोब 38:7 नुसार पृथ्वीचा पाया घातला तेव्हा देवपुत्रांनी, म्हणजे देवदूतांनी, जयजयकार केला. हे शेवटचं सांगितलं की मुलं खुलतात.

देवदूतांचा पाठ वेगळ्या रविवारी घ्यावा. त्यासाठी काव्हालेत्ती यांच्या परंपरेतला मरीयेला मिळालेल्या येशूच्या जन्माच्या संदेशाचा देखावा सर्वोत्तम: तीन भिंतींचं लाकडी घर, मरीया, आणि संदेश आणणारा देवदूत गब्रीएल. बाहुल्या साधारण 10 सेंमीच्या, तळ रुंद, नाहीतर लहान हातांत त्या सारख्या पडतात. गब्रीएल चिकटवून ठेवू नका. लूक 1:26 ला तो येतो, ‘भिऊ नको’ म्हणतो, निरोप देतो, आणि 38व्या वचनाच्या शेवटी निघून जातो. बाहुली खरोखर बाहेर नेली की देवदूत म्हणजे देवाचा निरोप्या, हे वेगळं समजावावं लागत नाही. दुकानांतली गुबगुबीत पंखवाल्या बाळांची प्लास्टरची मूर्ती इथे घेऊ नये. तिला पाहून कोणी घाबरणार नाही, मग ‘भिऊ नको’ला अर्थच उरत नाही. यशया 6 मधले सहा पंखांचे सराफीम (देवाच्या सिंहासनाजवळचे दूत) आठ वर्षांपुढच्यांसाठी ठेवा.

घरी कोणी वारलं की ‘आजी देवदूत झाली’ असं मुलांना सांगितलं जातं. ते प्रेमाने सांगितलेलं असतं, पण ख्रिस्ती शिकवण तशी नाही: माणूस माणूसच राहतो, देवदूत ही वेगळी निर्मिती आहे. वर्गात हे हळुवार सांगावं, आणि आजी देवाजवळ आहे अशी आपली आशा आहे, हे त्याआधी सांगावं.

वसईच्या कॅथोलिक धर्मशिक्षण वर्गात 29 सप्टेंबरला मिखाएल, गब्रीएल, राफाएल यांचा आणि 2 ऑक्टोबरला रक्षक दूतांचा सण असतो, तेव्हा हा पाठ त्या आठवड्यात घ्यावा. अहिल्यानगर-पुण्याच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत राफाएलचं नाव येणार नाही, कारण राफाएल ज्यात येतो तो तोबीतचा ग्रंथ त्यांच्या पवित्र शास्त्रात नाही. तिथे नाताळापूर्वीचा रविवार सोयीचा.

एकदाच सांगून सामान कपाटात कुलूपबंद करणार असाल तर हा खर्च करू नका. पाट्या मुलांच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर राहायला हव्यात.