लँकेस्टर की होम्स काउंटी? आमिश मुलखातली निवांत सफर ठरवताना

आमिश म्हणजे मोटारी आणि विजेच्या सोयी टाळून घोड्याच्या बग्गीतून फिरणारा, साधे राहणारा ख्रिस्ती पंथ. अमेरिकेतल्या त्यांच्या वस्त्यांपैकी सर्वांत मोठ्या दोन म्हणजे पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी आणि ओहायोतली होम्स काउंटी. दोन्हीकडे आमिश वस्ती ४० हजारांच्या आसपास आणि फोटोत दोन्ही जागा सारख्याच दिसतात. निवड करताना मात्र अंतराइतकाच वारही बघावा. शनिवार-रविवारच हाताशी असेल तर लँकेस्टर. गुरुवार-शुक्रवार रजा टाकता येत असेल तर होम्स. रविवारी आमिश दुकाने, बेकऱ्या, शेताकडेचे स्टॉल झाडून सगळे बंद असतात. त्या दिवशी आसपास दुसरे काय आहे, यावर बाकीचे गणित ठरते.

लँकेस्टर

फिलाडेल्फियाहून साधारण ७० मैल, दीड तास. न्यूजर्सीतल्या एडिसनकडून दोन-अडीच तास धरा. भारतातून आलेल्या आई-वडिलांना न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन दाखवायचे असेल, तर एक मुक्काम इथे सहज बसतो.

पहिली फसगत नॅव्हिगेशनची. ते तुम्हाला रूट ३० वर नेते आणि तिथे आउटलेट मॉल, सिग्नल आणि उन्हाळ्यातल्या शनिवारची गाड्यांची रांग एवढेच दिसते. अनेक जण तेवढेच बघून ‘यात काय आहे?’ म्हणत परततात. त्याला समांतर जाणारा रूट ३४० घ्या. बर्ड-इन-हँड आणि इंटरकोर्स ही गावे त्याच रस्त्यावर आहेत. तिथून रूट ७७२ वर किंवा कुठल्याही आडरस्त्याला वळलात की शेते सुरू.

शुक्रवारी पोहोचता आले तर उत्तम, कारण इफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार फक्त शुक्रवारी भरतो. लँकेस्टर शहरातले सेंट्रल मार्केट मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी असते, पण दुपारी आवरते, सकाळीच उरका. शनिवारी स्ट्रासबर्गची वाफेच्या इंजिनाची गाडी: पॅरडाइजपर्यंत जाऊन-येऊन पाऊण तास. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना आणि पाच वर्षांच्या नातवाला एकाच वेळी खूश ठेवणारी गोष्ट या भागात हीच. समोरच पेनसिल्व्हेनियाचे रेल्वे संग्रहालय आहे. रविवारी चॉकलेटचे गाव हर्शी किंवा लाँगवुड गार्डन्स ही मोठी बाग. लाँगवुडची तिकिटे वेळेप्रमाणे असतात, ती आधी काढा.

होम्स

कोलंबसहून सुमारे ९० मैल, क्लीव्हलंडहून ८० च्या आसपास. न्यूजर्सीहून सात तास, म्हणजे नुसत्या वीकेंडसाठी परवडत नाही. इथे ‘आकर्षणे’ कमी आणि रस्ता जास्त. लँकेस्टरची जमीन बरीचशी सपाट आहे, होम्सची चढ-उतारांची. बर्लिन, चार्म, वॉलनट क्रीक, माउंट होप ही गावे टेकड्यांमध्ये विखुरलेली. निवांत गाडी चालवणे हाच कार्यक्रम असेल, तर ओहायो निर्विवाद सरस.

पण आठवड्यातले दिवस साधले तरच. बुधवारी माउंट होपला, गुरुवारी किड्रनला गुरांचा लिलाव असतो. बाकावर बसून बघा, हात मात्र उगाच वर करू नका. किड्रनमध्येच लेहमन्स हे १९५५ सालचे दुकान आहे: रॉकेलचे दिवे, हाताने फिरवायच्या चक्क्या, लाकडाच्या चुली, लोणी काढायची यंत्रे. दोन तास कमीच पडतात. चार्मजवळ गुगिसबर्गचे बेबी स्विस चीज. शुगरक्रीकला जुन्या वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय आहे, पण स्ट्रासबर्गसारखी फेरी मारायची असेल तर इथे निराशा होईल. रविवारी मोहिकन स्टेट पार्क किंवा कँटनचे अमेरिकन फुटबॉलचे संग्रहालय एवढेच पर्याय उरतात.

बग्गी समोर आली की

लँकेस्टरच्या बग्ग्या करड्या छपराच्या, होम्सच्या काळ्या. धोका होम्समध्ये जास्त, कारण चढाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. तुम्ही ताशी ५५ मैलांवर आणि बग्गी ८ वर असेल, तर ५०० फुटांवर दिसलेली बग्गी सात सेकंदांत तुमच्या बंपरसमोर येते. म्हणून माथा येण्याआधीच वेग उतरवा. हॉर्न नको, घोडा बुजतो. पूर्ण लेन सोडून सावकाश पुढे जा आणि लगेच समोर घुसू नका. ओहायोत काही बग्ग्यांवर संथ वाहनांना लावतात तो नारिंगी त्रिकोणही नसतो. स्वार्ट्झेनट्रूबर हा आमिशांमधला कडवा गट तो लावत नाही. चकाकणारी पट्टी आणि मिणमिणता कंदील एवढ्यावरच त्यांचे भागते. सूर्यास्तानंतर आडरस्त्यांवर गाडी घालू नका.

शाकाहारी असाल तर

दोन्हीकडे जेवण मांसाहारी, आणि न दिसणारे मांस हीच खरी अडचण. नूडल्स चिकनच्या पाण्यात शिजतात, फरसबीत हॅम असतो, कुस्करलेल्या बटाट्यावर ग्रेव्ही आपोआप येते. ती वेगळी मागा. होम्समध्ये मिळणारी फ्राय पाय म्हणजे साखरेचा पाक चढवलेली मोठी करंजीच, पण पारीत डुकराची चरबी असू शकते. ‘लार्ड आहे का?’ असे थेट विचारले तर कोणी रागावत नाही. चीजच्या लेबलवर नुसते ‘एन्झाइम्स’ असेल तर ते शाकाहारी आहे की नाही तेही विचारा. मऊ प्रेट्झेल, ॲपल बटर (सफरचंदाचा आटवलेला गर), चाउ-चाउ हे आंबट-गोड लोणचे आणि शेताकडेचे ताजे मके यांवर लँकेस्टरमध्ये दिवस सहज निघतो. स्टॉलवर बहुधा कोणी नसते, पैसे डब्यात टाकायचे. म्हणून एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा.

चेहऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, लहान मुलांचे तर मुळीच नाहीत. शेतांवर ड्रोनही उडवू नका.

बुकिंगआधी कॅलेंडरवर आणखी एक नजर टाका. ईस्टरनंतर ३९ दिवसांनी गुरुवारी असेन्शन डे येतो आणि त्या दिवशी बहुतेक आमिश दुकाने बंद असतात. होम्ससाठी मे महिन्यातला गुरुवार निवडत असाल, तर तो हाच नाही ना, हे पाहून मगच रजा टाका. ऑक्टोबरमध्ये पाने रंगतात तेव्हा बर्लिनचा मुख्य रस्ता शनिवारी तुंबतो; त्या महिन्यात मंगळवार ते गुरुवार बरे.