सुज्ञतेची हाक: नीतिसूत्रांचा १, ८ की ९, आधी कोणता अध्याय?

नवख्या वाचकांच्या हाती बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक द्यायचं ठरवलं, की पहिल्याच बैठकीला प्रश्न येतो: सुरुवात कोणत्या अध्यायापासून करायची? सुज्ञता इथे एकदा नाही, तीनदा मोठ्यानं हाक मारते: पहिल्या अध्यायात (१:२०-३३), आठव्यात आणि नवव्यात. तिन्हीकडे ती स्त्रीच्या रूपात, भर वस्तीत उभी आहे आणि तिन्हीकडे भोळ्या, अननुभवी माणसाला साद घालते. सूर मात्र निराळा.

पहिल्या अध्यायातली सुज्ञता रागावलेली आहे. हाक मारली तेव्हा तुम्ही लक्ष दिलं नाही, आता तुमच्यावर संकट कोसळेल तेव्हा मी हसेन, असं ती सुनावते (१:२६). मग तुम्ही मला शोधाल, पण मी सापडणार नाही (१:२८). ज्यानं अजून काही नाकारलेलंच नाही, त्याला आल्या आल्या ही दटावणी ऐकवणं मला पटत नाही. अनेकदा सांगूनही जो कानाडोळा करतो, त्याच्यासाठी हा उतारा ठेवा.

आठवा अध्याय भरघोस, पण ३६ वचनांचा. इथे ती शोधणाऱ्यांना सापडते (८:१७), म्हणजे १:२८ च्या अगदी उलट. सृष्टी घडत असताना आपण देवाजवळ होतो, असंही ती सांगते. त्यातल्या ८:२२ वरून चौथ्या शतकात आरियसच्या वादात, म्हणजे ख्रिस्त हा देवानं निर्माण केलेला आहे असं म्हणणाऱ्या आरियस या धर्मगुरूवरून पेटलेल्या वादात, मोठी खडाजंगी झाली होती. पहिल्याच दिवशी त्यात शिरलात, तर भोळा माणूस बाजूलाच राहील.

माझं मत नवव्याला. अवघी १८ वचनं, आणि निवड समोरासमोर मांडलेली. सुज्ञतेनं घर बांधलंय, सात खांब तासलेत, पशू कापलेत, द्राक्षारस तयार केलाय, ताट मांडलंय. मग कुठे दासींना निमंत्रण घेऊन पाठवलंय. शेवटी येते ती मूर्ख स्त्री. तिनं काहीच केलेलं नाही, नुसती दाराशी आसनावर बसून सरळ वाटेनं जाणाऱ्यांना हाका मारतेय. चोरलेलं पाणी गोड आणि लपून खाल्लेली भाकर रुचकर, एवढंच तिचं भांडवल. घरात मृतांची वस्ती आहे, हे ती सांगत नाही. ते निवेदक सांगतो (९:१८).

गंमत अशी की ४ आणि १६ ही वचनं जवळजवळ शब्दशः सारखी आहेत: भोळा असेल त्यानं इकडे वळावं. भोळा तर कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवतो (१४:१५), म्हणजे नुसती हाक ऐकून त्याला फरक कळणार नाही. कोणाच्या घरात काय तयारी आहे, हे त्याला बघावं लागेल. गटात चर्चा इथेच रंगते, घाई करू नका.

मधली ७ ते १२ ही वचनं वाचताना अनेक जण अडखळतात, कारण मेजवानी थांबवून एकदम निंदकाचा विषय निघतो. निंदकाला बोध केला तर अपमान पदरात पडतो, शहाण्याला केला तर तो आणखी शहाणा होतो. भोळा या दोघांपैकी अजून कोणीच झालेला नाही. म्हणून आधी १-६ आणि १३-१८ सलग वाचून घ्या, आणि ही सहा वचनं दुसऱ्या बैठकीला.