वागाडुगूहून आलेलं फासो दान फानी : एका मागवाल्याचं मत

भाच्याची कंपनी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात सौरपंप बसवते. सुट्टीला येताना त्यानं तिथली राजधानी वागाडुगूच्या बाजारातून माझ्यासाठी ‘फासो दान फानी’ आणलं. हे तिथलं हातमागाचं सुती कापड. आमचे टॉवेलचे माग सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहेत, त्यामुळे कुठलंही कापड हातात आलं की मी आधी उलटं करून बघतो.

हे अखंड पन्ह्याचं नाही. वीतभरही रुंद नसलेल्या पट्ट्या विणून काठाला काठ जोडून शिवल्यात. निळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा, आणि शिवणीवरसुद्धा रेघ सरकलेली नाही. किनार एकसारखी आहे, म्हणजे धोट्यावर (आडवं सूत नेणाऱ्या साधनावर) हात पक्का बसलाय. तिथं हे काम बहुतेक बायका करतात. सूत जाडं आहे, पण अंगाला टोचत नाही. खोट एवढीच की पहिल्या धुण्यात निळा रंग सुटला आणि पट्ट्या कमी-जास्त आटल्यानं एक शिवण गोळा झाली.

या कापडामागं मोठं राजकारण आहे. 1983 साली कॅप्टन थॉमस सांकारा सत्तेवर आला. देशात कापूस भरपूर, पण बहुतेक सगळा गाठी बांधून परदेशी जायचा. त्यानं सरकारी नोकरांना हेच कापड घालायला लावलं. जुलै 1987 मध्ये अदिस अबाबाच्या परिषदेत त्यानं आफ्रिकेतल्या नेत्यांना अंगावरचे कपडे दाखवून सांगितलं, की हे आमच्या शेतकऱ्यांच्या कापसाचं आणि आमच्याच विणकरांचं आहे. 15 ऑक्टोबरला त्याला मारलं. त्याचा जवळचा साथीदार ब्लेझ कोम्पाओरे गादीवर बसला तो थेट 2014 पर्यंत, आणि त्याच्या काळात सक्ती गेली. या खुनात सामील असल्याबद्दल कोम्पाओरेला 2022 मध्ये तिथल्या कोर्टानं त्याच्या गैरहजेरीत जन्मठेप दिली.

मला सांकाराबद्दल आदर आहे. घरच्या विणकराला हक्काचं गिऱ्हाईक मिळवून देणारा राज्यकर्ता सोलापुरातल्या आमच्या विणकरांच्या पूर्व भागात कुणाला नको असेल? सोलापूरनं स्वातंत्र्यलढ्यातला 1930 चा मार्शल लॉ पाहिलाय, अंगावरच्या खादीची किंमत इथं वेगळी सांगावी लागत नाही. पण ती खादी लोकांनी आपणहून घातली होती. तिथं हुकूम वरून आला, आणि हुकूम देणारा गेल्यावर मागणीही पडली. याच सांकारानं 1984 मध्ये संप केला म्हणून हजारावर शिक्षक कामावरून काढले, हेही विसरता येत नाही.

आजही तिथं लष्कराचंच राज्य आहे. 2022 या एकाच वर्षात दोनदा सत्ता उलटली. आताचा सत्ताधीश कॅप्टन इब्राहिम त्राओरेनं निवडणुका लांबणीवर टाकल्यात आणि हिंसाचारामुळं 20 लाखांहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं. अशा स्थितीत माग चालू ठेवणाऱ्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं. भाचा सांगतो, आता तरुण पोरं हौसेनं हे कापड शिवून घेतात. ही मागणी टिकेल असं मला वाटतं.

कुणी तिकडून आणणार असेल तर जरूर मागवा. शिवायला देण्याआधी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, आणि शिंप्याला शिवणीवरून कात्री फिरवू देऊ नका.