बायबल ॲपचा मजकूर: जेसन फायली की एसक्यूलाइट?

फक्त वाचन हवं असेल तर अध्यायागणिक एक जेसन फाइल (साध्या मजकुरातली डेटा-फाइल) पुरते. ६६ पुस्तकांचे १,१८९ अध्याय. एका वेलांटीची दुरुस्तीही गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात) स्पष्ट दिसते. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या बायनरी (साधा मजकूर नसलेल्या) फायलीत ती तशी दिसत नाही, म्हणून मूळ मजकूर यूएसएफएममध्ये (बायबलच्या मजकुरासाठीच्या साध्या खुणांच्या फॉरमॅटमध्ये) ठेवून डेटाबेस बिल्डच्या वेळीच, म्हणजे ॲप तयार करताना, बनवावा.

शोध द्यायचा असेल तर मात्र एसक्यूलाइटच. तिथे एक मोठा सापळा आहे: एफटीएस५ या एसक्यूलाइटच्या शोध-सुविधेचा ‘युनिकोड६१’ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मूळ सेटिंगमध्ये मात्रा आणि हलन्तापाशी शब्द तोडतो. ‘प्रीती’चे प, र, त असे तुकडे पडतात आणि शोधात भलतीच वचनं येतात. टेबल बनवतानाच टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ या पर्यायात एमएन, एमसी हे युनिकोडमधले मात्रा-हलन्तासारख्या चिन्हांचे वर्ग जोडा.

जेसन असो वा एसक्यूलाइट, वचनक्रमांकासाठी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने ठेवा; काही भाषांतरांत १७-१८ अशी जोडवचनं असतात.